एकसष्टावी ओढ

"आधी सोडून दाखव."

कुठलीही जोडलेली वस्तू समोर आली की भाऊ हे म्हणायचेच. तुम्ही नळाला पाइप बसवा, डब्याला झाकण लावा, सायकलला साखळी चढवा आणि शाबासकीच्या आशेने त्यांच्याकडे बघा. ते मान तिरकी करून म्हणणार, "जोडलंस ते दिसतंय रे. आधी सोडून दाखव."

शहापूर-मुरबाड एसटीत मागे संकटकाळी उघडायचा दरवाजा असतो. तुम्हीही पाहिला असेल, पण त्याला हात लावायची बुद्धी तुम्हाला कधी झाली नसेल. भाऊ सापगावला गाडीत चढायचे ते थेट त्या दरवाज्याजवळच्या सीटवर. एकदा त्यांनी भर रस्त्यात त्याचा दांडा फिरवला. कंडक्टर धावत आला. "ओ काका, तो दरवाजा संकटात उघडायचा असतो!"

"म्हणूनच बघतोय ना. संकटात उघडंल का नाय ते संकट आल्यावर बघायचं काय?"

दरवाजा उघडला नाही. दांडा गंजून घट्ट बसला होता. भाऊंनी कंडक्टरकडून तक्रारवही मागून घेतली, तीत चार ओळी लिहिल्या, आणि पुढचे तीन आठवडे रोज चढल्यावर आधी तो दांडा फिरवून पाहिला. चौथ्या आठवड्यात दरवाजा उघडला. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी दहा मिनिटं लेट झाली म्हणून मी मात्र मनातल्या मनात चिडले होते.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, "कशाला? मी काय फ्लेक्सवर उभा ऱ्हातोय का?" कारखान्यात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तेवढं पुरे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. दुधाच्या आणि गॅसच्या टँकरला पाइप पटकन जोडता-सोडता यावा म्हणून जे जोड लागतात, ते आम्ही बनवायचो. मी डिप्लोमा करून तिथे तपासणी विभागात लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मशिनवर काम चालतं त्या शेडमध्ये मी एकटीच बाई. शहापूरच्या आमच्या वस्तीतून कारखान्यात इंजिनियर म्हणून जाणारीही पहिलीच. त्यामुळे मी फार जपून वागायची. कॉलेजात असतानाच मी माझ्या बोलण्यातला "नाय" घासून घासून "नाही" केला होता. ऑफिसात तो चुकूनही निसटू द्यायची नाही.

भाऊ चाचणीच्या शेडचे प्रमुख होते. शिक्षण दहावी नापास, घरी भाताची शेती, वय पन्नाशीच्या आसपास. आमच्या शेठचा त्यांच्यावर इतका भरवसा होता की चाचणीच्या कागदावर भाऊंची सही असल्याशिवाय कारखान्यातून एकही जोड बाहेर पडत नसे.

दोन हजार सालानंतर एक वेगळंच काम आलं. दक्षिणेकडच्या एका सरकारी केंद्रात अवकाशात जाऊन परत येणाऱ्या यानावर प्रयोग चालले होते. त्या यानासाठी जमिनीवरचा जोड हवा होता.

हा जोड म्हणजे काय ते शेठनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. यान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याला सगळं खालून पुरवावं लागतं. इंधन, दाबाचा वायू, थंड हवा, वीज. या नळ्या आणि तारा यानाच्या अंगाला जिथे जोडलेल्या असतात, तो जोड उडायच्या क्षणी एका झटक्यात सुटला पाहिजे. नेहमीच्या यानात हे एकदाच घडतं. पण हे यान परत येणार. म्हणजे जोडाचा वरचा अर्धा भाग यानाबरोबर वर जाणार, खाली येणार आणि पुन्हा जमिनीवरच्या त्याच अर्ध्या भागात बसणार. मग पुन्हा सुटणार. असं कितीतरी वेळा.

कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. शेडमध्ये पहिल्याच दिवशी त्याची "नाळ" झाली.

सगळं ऐकून झाल्यावर भाऊंनी एकच प्रश्न विचारला. "परत येणार म्हणता. मंग येताना तिला धुवून कोण देणार?"

सगळे हसले, मीही हसले. आज ते हसू आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एकदा एसटीत मी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, समजा नाही सुटली, तर काय होईल?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. शेतात एक बैल खुंट्याला बांधलेला होता. "ह्यो बैल उधळला आणि दावं तुटलं, तर बैल वाचला. दावं नाय तुटलं आणि खुंटा उपटला, तर मंग तो खुंटा घेऊन पळतो. खुंट्यासकट पळालेला बैल पयले सोताचेच पाय मोडतो, ताई. मंग दुसऱ्याचे."

त्या वेळी वाटलं, माणूस बोलायला भारी आहे. एवढंच.

चाचणीसाठी भाऊंनी स्वतःच्या देखरेखीखाली लोखंडी चौकट उभारून घेतली. वर यानाकडचा अर्धा भाग टांगलेला, खाली जमिनीकडचा. आत खाचेत बसणाऱ्या पोलादी गोळ्या दोन्ही भागांना एकमेकांत अडकवून ठेवत. हवेचा दाब दिला की गोळ्या मागे सरकत आणि जोड सुटे. दाब दगा देईल म्हणून शिवाय एक दोरी होती. ती ओढली की गोळ्या तशाही मागे सरकल्या पाहिजेत. दोरीला भाऊंनी ताणकाटा लावला होता, म्हणजे किती किलोची ओढ लागली ते कळे. खरं इंधन आमच्याकडे नव्हतं. त्याऐवजी नळीतून द्रव नायट्रोजन सोडायचा. तो इतका गार की थोड्या वेळात सबंध जोडावर बोटभर पांढरं हिव चढायचं.

कराराप्रमाणे ओढ सरळ द्यायची होती. भाऊ सरळ ओढून झाली की तिरकी द्यायचे, मग दुसऱ्या बाजूने तिरकी. "वारा काय फूटपट्टी लावून येतो काय?" असं म्हणायचे.

स्वच्छतेच्या बाबतीत तर ते सासूच होते. जोडाला हात लावायचा तर पांढरे हातमोजे पाहिजेत. एका वेल्डरने उघड्या बोटाने जोड नुसता हलवला, तर भाऊंनी त्याच्याकडून तो तीन वेळा पुसून घेतला. त्याच वेल्डरच्या लग्नाला आम्ही सगळे टेम्पोतून गेलो होतो. बोहल्यावर नवरा-नवरीच्या शेल्यांना गाठ मारली तेव्हा भाऊंची मान सवयीने तिरकी झाली. शेजारच्या कोणीतरी त्यांच्याकडे बघितलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "नाय नाय, ही तपासायची नाय."

प्रत्येक ओढ ते रजिस्टरात स्वतःच्या हाताने, मराठीत लिहायचे. क्रमांक, ओढीचे किलो आणि पुढे एकच शब्द. सुटली. खालच्या ओळीत पुन्हा सुटली. त्यावरून इंग्रजी अहवाल टाइप करायचं काम माझं. पानभर "सुटली, सुटली, सुटली" वाचताना मला गंमत वाटायची. शंभर ओढी पूर्ण झाल्या की माल पसंत करायला केंद्राचे साहेब येणार होते.

साठ ओढी झाल्या आणि खंडेनवमी आली.

आमच्या घरी खंडेनवमी नसते, बुद्धवंदना असते. कारखान्यात त्या दिवशी लेथपासून स्पॅनरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. मी दरवर्षी दाराशी उभी राहायची. कोणी "आत या ना" म्हणून ओढायचं, कोणी मुद्दाम लक्ष द्यायचं नाही. भाऊ मात्र पूजा आटपली की पेढा घेऊन दाराशी यायचे. "कुंकू नाय लावत तुमाला. पेढा खावा." एवढं साधं असतं ते, पण तेवढंही फार थोड्यांना जमतं.

त्या वर्षी मी दारातूनच पाहिलं. भाऊ चौकटीपुढे गेले, नारळ ठेवला, आणि त्यांनी हातमोजे काढले. पाण्यात कालवलेलं कुंकू उजव्या हाताच्या बोटावर घेऊन जोडाच्या तोंडाला, आतल्या बाजूला, हळूच लावलं. नव्या बाळाला लावावं तसं. मला खटकलं. पण मला वाटलं, पूजेच्या बाबतीत बोलणारी मी कोण? म्हणून गप्प बसले. पुढे एकदा मी भाऊंना विचारलं की हातमोजे काढले कशाला. ते म्हणाले, "हातमोजे घालून देवाला कुंकू लावतात काय, ताई?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरून जोड पुसला आणि चाचणी पुढे सुरू झाली. एकसष्टावी ओढ. मी वेळ टिपायला तिथेच होते. नायट्रोजन सोडला, हिव चढलं, भाऊंनी हवेचा दाब दिला. फुस्स आवाज झाला, पण जोड सुटला नाही. भाऊंनी दोरी धरली आणि ओढली. काट्याची सुई चढत चढत शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली. त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळून अंगाचा सगळा भार टाकला. चौकट करकरली. जोड तसाच.

नायट्रोजन बंद केला. हिव वितळायला लागलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी जोड आपोआप, काहीच झालं नाही असा, सुटून खाली आला. गोळ्यांच्या खाचेत लाल गाळ दिसत होता. सुकलेलं कुंकू, त्यात दमट हवेचं पाणी आणि वरून तो गारठा. तिघांनी मिळून गोळ्यांभोवती दगड केला होता.

भाऊंनी तो गाळ पाहिला, मग स्वतःचं बोट पाहिलं. "माझंच," ते म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी रजिस्टरात लिहिलं, "६१. काटा संपला. नाय सुटली."

बातमी शेडभर झाली. पूजेमुळे नाळ अडकली म्हटल्यावर काहीजण भडकले. एकजण म्हणाला, "देवाला दोष देता काय, भाऊ?"

"देवाला कशाला? मी बोटाला देतोय."

शेठ आले. वाईट माणूस नव्हता तो. हे काम नीट झालं तर आमचा कारखाना टँकरच्या धंद्यातून मोठ्या कामात जाणार होता आणि त्या स्वप्नाने त्यांची झोप उडाली होती. जोड धुवून पुढच्या चाचण्या घेतल्या. बासष्ट ते शंभर, सगळ्या सुटल्या. शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ भाऊ, नाळ बरोबर आहे. तुझं कुंकू चुकलं. एकसष्टावी काढून टाक, सही कर."

"सही नाय करणार."

"अरे, चाचणी स्वच्छ जोडावर घ्यायची असं करारात लिहिलंय!"

"करारात लिवलंय, पन यानाला कोण सांगणार? ते वर जाऊन खाली येणार. धूळ खाणार, समुद्राचा खारा वारा खाणार. मंग धुतली बिनधुतली, परत जोडणार. चिमूटभर कुंकवानं जी अडकली ती मिठानं नाय अडकणार काय?"

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"सही माझी हाय, मंग प्रश्न माझाच."

शेठ तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. भाऊ मान तिरकी करून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "झालं? आता मी जेवायला जातो."

मग शेठनी मला बोलावलं. अहवालात एकसष्टाव्या ओढीसमोर "काटा बिघडल्यामुळे नोंद नाही" असं लिहायला सांगितलं. भाऊंच्या जागी सहीही माझीच चालेल म्हणाले. आणि रजिस्टराची स्वच्छ प्रत करून घेऊ, जुनी पानं नकोत, असंही म्हणाले.

मी टाइप केलं आणि खाली सहीही ठोकली. कारणं तुम्ही विचारणार नाही, तुम्हाला ती ठाऊक असतात. घरात पहिली नोकरी, आईचं औषध, गावात मिरवलेलं इंजिनियरपण. तरीही टाइप माझ्याच बोटांनी केलं होतं.

संध्याकाळच्या एसटीत भाऊंच्या कापडी पिशवीत डब्याखाली चौकोनी काहीतरी होतं. मी बघतेय हे बघून ते म्हणाले, "रजिस्टर हाय. घरी नेतोय. कणगीत ठेवणार, भातात."

"भाऊ, नोकरी जाईल."

"जाईल ना. नोकरी काय ती नाळ हाय, अडकून बसायला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमी काय टाइप केलंत?"

"काटा बिघडला म्हणून."

सापगाव आलं, त्यांनी पिशवी काखेत मारली. उतरायला उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "काटा बिचारा बरोबर होता, ताई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रजिस्टर नाहीसं झाल्यावर दोन दिवस कारखान्यात गोंधळ चालला होता. भाऊंनी लपवालपवी केली नाही. "माझ्याकडं हाय. साहेब येतील तवा आणीन," असं शेठना तोंडावर सांगितलं. आणि साहेब आले त्या दिवशी ते खरंच घेऊन आले. पानापानातून भाताचं तूस गळत होतं.

केंद्राचे तिघे होते. त्यांचे वरिष्ठ पांढऱ्या मिशांचे, फार कमी बोलणारे. मराठीचा त्यांना गंध नव्हता. टेबलावर माझा इंग्रजी अहवाल होता. भाऊंनी त्याच्या शेजारी रजिस्टर उघडून ठेवलं. शेठचा चेहरा पडला, पण पाहुण्यांसमोर काही बोलता येईना.

पांढऱ्या मिशांचे साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीवर ओळ बोट सरकवत गेले. अक्षर कळत नव्हतं, पण सगळीकडे एकसारखा दिसणारा एक शब्द एका ओळीत वेगळा आहे एवढं त्यांना दिसलं. बोट थांबलं.

"इथे काय लिहिलंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. फक्त भाऊंनी पाहिलं नाही. ते चौकटीच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत होते. समोर माझी सही होती आणि त्या सहीच्या बाजूने राहायला मला फार काही करायचं नव्हतं, नुसतं "काटा बिघडला" म्हणायचं होतं.

"सुटली नाही, असं लिहिलंय," मी इंग्रजीत म्हणाले. मग माझ्या अहवालावर बोट ठेवलं. "आणि हे मी खोटं लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्यांनी विचारलं, "का सुटली नाही?"

भाऊंनी आपलं उजवं बोट वर केलं. मी सगळं सांगितलं, पूजेसकट. बरोबरच्या तरुण साहेबाने करार उघडला आणि चाचणी स्वच्छ स्थितीतच घ्यायची आहे हे दाखवलं. भाऊंना मी ते मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "साहेबांना इचारा, यान देवघरातनं येणार काय?"

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. मिशांखाली साहेब पहिल्यांदा हसले. "दाखवा," ते म्हणाले.

भाऊंनी देवाच्या फळीवरचा करंडा आणला. बोट पाण्यात बुडवून कुंकवात दाबलं आणि खाचेत फिरवलं. अर्धा तास आम्ही सगळे हिव चढताना बघत उभे होतो. दाब दिला, सुटली नाही. तरुण साहेबाने कोट काढून स्वतः दोरी ओढली, सुटली नाही. मग पांढऱ्या मिशांच्या साहेबांनी ओढली. त्यांच्याही हाताला वळ उठले.

"मग तुम्ही काय केलं असतं?" त्यांनी भाऊंनाच विचारलं.

भाऊ जमिनीवर उकिडवे बसले आणि खडूने गोल काढला. "आमच्या घरी जातं हाय. त्याला छिन्नीनं टाके घालतात, तिरके. पीठ आत ऱ्हात नाय, त्या टाक्यांतनं कडेला येतं. ह्या खाचेला असे टाके द्या. गोळ्या मागं सरकल्या की त्याच घाण बाहेर ढकलतील. आता हिला तोंडच नाय, मंग खाल्लेलं जाणार कुठं?"

मला जात्याला इंग्रजीत काय म्हणतात ते नेमकं सुचेना. मीही खाली बसले आणि हाताने जातं फिरवून दाखवलं. सरकारी केंद्राचे तीन साहेब, एक शेतकरी आणि मी, शेडच्या जमिनीवर खडूच्या गोलाभोवती बसलो होतो. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही बसला असता.

माल पसंत झाला नाही. साहेब जाताना ती नाळ आणि रजिस्टराच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन गेले. दोन महिन्यांनी नवा नकाशा आला, खाचेला तिरके टाके असलेला. सोबत चाचणीची नवी अट होती. जोड धूळ, मीठ आणि ओल घालून, न धुता तपासायचा.

पण तो नकाशा आला तेव्हा भाऊ कारखान्यात नव्हते. रजिस्टर घरी नेल्याबद्दल त्यांच्याकडून लेखी माफी मागितली होती. शेठना प्रकरण तिथेच मिटवायचं होतं, दोन ओळी पुरे होत्या. भाऊंनी तीन लिहिल्या. "मी रजिस्टर घरी नेलं. परत कोणी पान काढायला निघाला तर परत नेईन. कळावे." शेठनी कागद परत दिला, नीट लिहून आण म्हणाले. भाऊंनी तोच मजकूर ठळक अक्षरात लिहून आणला आणि त्यांची नोकरी गेली.

मला शेठनी काढलं नाही. साहेबांनी पुढच्या पत्रात अहवाल मीच करावा असं कळवलं होतं. माझ्या खोट्याची शिक्षा मला झाली नाही आणि भाऊंच्या खऱ्याची त्यांना झाली. हा हिशोब मला आजतागायत पटलेला नाही. मी शेठना तसं सांगितलंही. ते खाली मान घालून म्हणाले, "तो माघारी आला तर घेतो मी." पण भाऊ माघारी जाणारे नव्हतेच.

तिरक्या टाक्यांची नाळ धूळ-मीठ घालून दोनशे वेळा सुटली त्या दिवशी मी मुद्दाम सापगावला उतरले. भाऊ बांधावर बसून कोणाचा तरी पंप उघडत होते. मी आनंदाने बातमी दिली. त्यांनी हात पुसले. "तिरकी ओढलीत?"

"ओढली. दोन्ही बाजूंनी."

"आणि रजिस्टरात कोण लिवतो?"

"मी."

"पेनानंच लिवा. पेन्सिल नको." मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "गो, चहा टाक. नाळ सुटली."

तेवढं एकदाच मी त्यांना खुशीत पाहिलं. यान मात्र उडालं नव्हतं. ते कधी उडणार, असं भाऊ भेटले की विचारायचे. मी सांगायची, असल्या कामाला वर्षं लागतात. "लागू देत. घाईनं उडालेलं काय कामाचं?" म्हणायचे. एका भाताच्या कापणीत छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच ते गेले. वहिनींनी सांगितलं, शेवटी उठवून बसवायला लागले तर लोकांचे हात झटकून म्हणाले, "सोडा, मी जातो." मी सापगावला पोहोचले तेव्हा अंगणात जातं तसंच होतं, शेजारी अर्धवट उघडलेला पंप.

कारखाना आता शेठचा मुलगा बघतो आणि चाचणीची शेड माझ्याकडे आहे. खंडेनवमीला अजून माळा लागतात, नारळ फुटतो. मी आता दाराशी थांबत नाही. पूजाही करत नाही. सगळ्यांचं झालं की मी हातमोजे काढते, बोट पाण्यात बुडवून करंड्यात दाबते आणि कुंकू जोडाच्या आत, थेट खाचेत फिरवते. पहिल्या वर्षी हे पाहून दोघेतिघे कुजबुजले. मी कुजबुजू दिलं. मग नायट्रोजन सोडायचा, हिव चढू द्यायचं आणि दोरी मनगटाला गुंडाळून ओढायची. आधी तिरकी.

गेल्या खंडेनवमीलाही जोड पहिल्या ओढीत खाली आला. मी रजिस्टर ओढून घेतलं आणि पेनाने लिहिलं. सुटली.

शेठचा मुलगा मागे उभा होता. चांगला शिकलेला आहे, बोलतोही गोड. म्हणाला, "मॅडम, बाहेरचे लोक बघतात हल्ली. हे इंग्रजीत लिहीत जा ना. आणि ते एकसष्टचं जुनं पान कशाला भिंतीला लावून ठेवलंय? काढून टाकू या."

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढून पाहिलं, पुन्हा लावलं.

"नाय," मी म्हणाले.